दाराच्या अलीकडे

"उघडतोस की नाही?" आतून बायकोने दारावर पुन्हा थाप मारली.

कुलपं दुरुस्त करणारा तिचा नवरा बाहेर स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या एका किल्लीला कानस मारत होता. खरं तर किल्ली केव्हाच तयार झाली होती. पण हात रिकामे राहिले की जीव खालीवर व्हायचा, म्हणून तो घासतच राहिला. मध्येच उठला, दाराला कान लावून आला, परत बसला. अख्ख्या गल्लीची अडकलेली दारं उघडून देणाऱ्या या गृहस्थाने काल स्वतःच्याच खोलीला कुलूप घातलं होतं, आणि तेही दुकानातलं सगळ्यात दणकट.

कारणही तसंच होतं. बायकोला सातवा महिना. कारखान्यात खोकी उचलताना तिची पाठ धरली होती, तेव्हा दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. दवाखान्यात तिने चकार शब्द काढला नव्हता. आणि काल त्या गोळ्या सापडल्या कुठे, तर गंजक्या कुलपांच्या डब्यात. त्याच्याच डब्यात!

दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आई जे घेते ते नाळेतून बाळापर्यंत जातं, आणि बाळाचा मेंदू तर अजून घडतोय. त्याने सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या, खोलीत जेवणपाणी ठेवलं आणि कुलूप लावलं. ती आणि तिचं व्यसन दाराच्या पलीकडे, आपण आणि बाळ अलीकडे, असा त्याचा सरळ हिशेब होता. बाप होण्याआधीच बापाचं काम केलं म्हणून त्याची छाती जरा फुगलीही होती.

तिने आधी शिव्या दिल्या, मग गयावया केली. सकाळपासून उलट्या चालल्या होत्या. "नाटकं," तो पुटपुटला. पण तिचे दात वाजत होते ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं, आणि त्याला ते ऐकवत नव्हतं.

"अरे, पोट कडक होतंय," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. "बाळ सारखं धडपडतंय. थांबतच नाहीये."

त्याने ताईला फोन लावला. ही त्याची थोरली बहीण, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. ती शाबासकी देईल आणि बायकोला दोन शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं.

"एकदम बंद केल्यास?" ताई ओरडली. "अरे शहाण्या, त्या हळूहळू सोडवायच्या असतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली! तिच्या अंगाला सवय लागली, तशी बाळालाही लागलीय. ती आत्ता जे भोगतेय, तेच तेही भोगतंय. दार उघड आधी. मी गाडी पाठवते."

आता मात्र तो खरोखर घाबरला. फोन स्पीकरवर करून स्टुलावर टाकला आणि त्याने कुलूप हातात धरलं. किल्ली काही केल्या आत जाईना. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, पण घाईत त्याला स्वतःच्याच कुलपाचं भोक सापडेना.

"बाळासाठीच केलं गं, ताई," तो रडकुंडीला आला. "बाळाला वाचवायचं म्हणूनच तिला आत ठेवलं."

फोनमधून ताईने विचारलं, "आणि बाळाला कुठे ठेवलं होतंस?"