सिरियस म्हणायचं नाही

"सिरियस म्हणायचं नाही," मोकल मॅडमनी तिसऱ्यांदा बजावलं. "माणूस वारला की वारला म्हणायचं. समोरच्याचं नाव घेऊन, कॅमेऱ्यात बघून."

शहापूरच्या हॉलमधल्या नर्सबायांनी माना डोलावल्या. डोलवायला काय जातंय! आपल्याकडे माणूस सकाळी जातो आणि पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत फोन चालू, 'सिरियस आहे, लगेच निघा.' ही रीत एका दिवसाच्या ट्रेनिंगने मोडायची म्हणजे काय खायचं काम आहे?

संघरत्नानेही मान डोलावली, पण तिला काहीच वाटत नव्हतं. तीन दिवस मुरबाडच्या दवाखान्यात बाबांच्या खाटेशी बसून डोकं बधिर झालं होतं. वैशाखऱ्याच्या तिच्या उपकेंद्रात पुढच्या सोमवारपासून व्हिडिओवर पेशंट बघायचे होते, म्हणून ट्रेनिंगला दांडी चालणार नव्हती. सकाळी निघताना बाबा उठून बसले होते. "जा गो. पेज प्यालो ना! मी काय पळून जातोय?"

भाऊ अनिकेत त्यांच्याजवळ होता. फोन मात्र मॅडमनी आल्या आल्या खोक्यात जमा करून घेतलेले. कधी एकदा साडेचार वाजतात आणि मुरबाडची एसटी धरते, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सराव असा होता. पडद्यावर मुरबाडची नर्स चिठ्ठी काढणार. चिठ्ठीत काय आहे ते तिलाच ठाऊक. शहापूरच्या जोडीदारणीने पेशंट नाहीतर नातेवाईक व्हायचं आणि सुचेल तसं उत्तर द्यायचं.

संघरत्नाची जोडीदारीण वंदना, बाबांच्याच वॉर्डातली. सकाळी तिला नेमकी मृत्यूची चिठ्ठी आली.

"ताई, तुमचे सासरे जरा सिरियस हायत. निघा तुमी."

हॉल खो खो हसला. मॅडम भडकल्या. "नापास! जेवणानंतर परत. नवी चिठ्ठी काढा."

जेवणाच्या सुट्टीत संघरत्नाने डबा उघडला आणि तसाच बंद केला. वंदना वॉर्डात चक्कर टाकायला गेली ती दहा मिनिटं उशिराच पडद्यावर उगवली. त्यावरूनही मॅडमनी तिला झापलं.  वंदनाने चिठ्ठी काढली, वाचली, घडी घातली आणि परत उलगडली.

बिचारीची गाडी परत अडली, संघरत्नाला वाटलं. "बोल गो," ती म्हणाली. "मीच तर हाय समोर."

"ताई, सोबत कोणी हाय का तुमच्या?"

पहिला प्रश्न बरोबर. मॅडमनी कागदावर टिक केली.

"हाय. सगळ्या हायत."

"बसलाय ना?"

"बसले."

"संघरत्नाताई, तुमचे बाबा वारले. एक वाजता. आमी लय प्रयत्न केले, पण नाय वाचवता आलं."

शाबास, संघरत्ना मनात म्हणाली. एकदाचा तो शब्द बाईच्या तोंडून निघाला. आता आपल्यामुळे ती परत नापास व्हायला नको. तिने ओढणी तोंडाला लावली. नातेवाईक लावतात तशी, शेकडो वेळा बघितलेली.

"असं कसं गो? सकाळी तर पेज प्याले."

मागे कुणीतरी नाक ओढलं.

वंदना शिकवल्याप्रमाणे थांबली. नजर कॅमेऱ्यात. मग म्हणाली, "तरास नाय झाला त्यांना. तुमचा भाऊ जवळ होता. तुमी एकट्या निघू नका, कोणाला तरी संगती घ्या."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात सांगणं! आडवळण नाही, लपवाछपवी नाही. पास!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. संघरत्नानेही वाजवल्या.

"आता चिठ्ठी वाचा," मॅडमनी पेन उचललं. "नोंद करायचीय."

वंदनाने चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली.

"लहान पोराचा खोकला," ती म्हणाली.