कोरडा कीबोर्ड

कीबोर्डचं एकही बटण चालेना. उल्काने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, उलटा धरून झटकला, तरी पडद्यावर अक्षर उमटेना. शेजारीच सासऱ्यांचा अर्धा प्यायलेला चहा दिसला आणि तिचा तोल गेला.

"अप्पा, यावर चहा तुम्हीच सांडलात ना? निदान सांगायचं तरी."

अप्पा गोंधळले. हल्ली आपण जेवलो की नाही, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात राहत नसे. "मी? नाही गं..." ते चाचरले. मग हळूच म्हणाले, "सांडला असेल. माझ्या काही लक्षात राहत नाही बघ."

दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी लॅपटॉप उघडला. "आत सगळं कोरडं आहे. कीबोर्डची पट्टी निसटलीय नुसती. कुठे आपटला होता का?"

परवा स्कूटरवरून घसरलेली बॅग उल्काला आठवली. पट्टी बसवताच अक्षरं भराभर उमटू लागली, पण तिला मान वर करवेना.

घरी येताच ती अप्पांपाशी जाऊन बसली. "चुकले मी, अप्पा. तुम्ही चहा सांडलाच नव्हता. लॅपटॉप माझ्याच हातून पडला होता."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी समजूत काढू नकोस, पोरी. आता मला सगळं आठवतंय. कप कलंडला, मी सदऱ्याने पुसून घेतलं आणि तुझ्या भीतीने गप्प बसलो."