लॉगिनच्या पानावरचा पहारेकरी

“नाही रे, परत तिथेच आले!” बायको हेडफोनमध्ये म्हणाली आणि खळखळून हसली.

ओट्याशी भांडी पुसणाऱ्या नवऱ्याच्या हातून झाकण आपटलं. कॉलवर पलीकडे दाढी होता, तिच्या ऑफिसातला. नवऱ्याने त्याला पाहिलेलं नव्हतं. दाढी ठेवतो एवढंच ऐकलं होतं, आणि जळायला तेवढं पुरत होतं.

सकाळपासून ती आणि दाढी एका वेबसाइटला चिकटले होते. कुठलंही पान उघडलं की साइट लॉगिनकडे रीडायरेक्ट करायची. लॉगिनचं पान उघडलं तरी पुन्हा लॉगिनकडेच. शेवटी ब्राउझर हात टेकायचा.

तिला पायथॉनमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं नवऱ्याने, याच टेबलावर. पुढे कंपनीने त्याला घरी बसवलं आणि त्याने लॅपटॉप कपाटावर टाकला. “बघतोस का जरा?” असं ती आधी विचारायची. तो खेकसायचा. मग तिने विचारणं सोडलं. आता विचारायला दाढी होता.

“तुझ्याइतका हुशार माणूस मी नाही बघितला!” ती हेडफोनमध्ये म्हणाली. जरा मोठ्यानेच.

नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खांद्यावरच्या फडक्यासकट तो टेबलापाशी आला.

“एवढा हुशार आहे, तर सकाळपासून काय करतोय? सरक.”

ती सरकली. तो बसला. बोटं आधी अडखळली, मग चालू लागली. कोडमध्ये पानाच्या फंक्शनच्या डोक्यावर @ लावून लिहिलेली ओळ, म्हणजे डेकोरेटर, म्हणजे दारावरचा पहारेकरी. लॉगिन न केलेल्या माणसाला तो लॉगिनच्या पानाकडे पिटाळतो. इथे तो खुद्द लॉगिनच्या पानावरही उभा होता.

“आत यायला माणूस आधीच आत हवा! कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. हेडफोनची वायर निघाली आणि खोलीभर आवाज घुमला.

“ताई, बसले का एकदाचे भावोजी? मग तुम्ही सकाळी मुद्दाम घातलेली ती ओळ काढू का आता?”

बायकोने गुपचूप त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि ती ओट्याकडे वळली.

नवऱ्याने खुर्ची पुढे सरकवली.

“हात लावू नका,” तो दाढीला म्हणाला. “हिने अजून कुठे कुठे घातल्यात, ते मी शोधतो.”