हुमनाबादच्या अलीकडे

गाडी उभी होती, गिअर काढलेला होता, रेवणसिद्धप्पांचा पायही ॲक्सिलरेटरवर नव्हता. तरी इंजिन ओरडू लागलं. ओरडलं, दमलं, बंद पडायला आलं आणि पुन्हा ओरडलं. मागच्या फळीवरची भांडी थडथडली.

"अहो, बंद करा आधी!" लक्ष्मम्मा मागून म्हणाल्या.

रेवणसिद्धप्पांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मन्नाएखेळ्ळी गाव नुकतंच मागे पडलं होतं. शेजारून ट्रक गेला की जुनी व्हॅन हलायची. शाळेची मुलं नेऊन-आणून ती म्हातारी झाली होती. आयटीआयमधली मास्तरकी संपल्यावर रेवणसिद्धप्पांनी तिच्यात पलंग बसवला, शेगडी बसवली. आज दसरा. नवरा, बायको आणि नात सुधा, तिघांचं सीमोल्लंघन थेट गोकर्णापर्यंत व्हायचं होतं. लक्ष्मम्मांनी अजून समुद्र पाहिला नव्हता.

मुलाची, अरुणकुमारची, एकच अट होती. हुमनाबाद गाठायच्या आत गाडी कुरकुरली तर चावी त्याच्याकडे. पुन्हा प्रवासाचं नाव काढायचं नाही.

"मी अरुणला फोन केला," लक्ष्मम्मा हळूच म्हणाल्या. "भ्या वाटलं मला. निघालाय तो हुमनाबादहून."

पुढच्या दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण रेवणसिद्धप्पांनी उचललं. धग तोंडावर आली. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, म्हणून ती हवा काढली. जोड आवळले. चावी फिरवली. इंजिन क्षणभर नीट चाललं, मग पुन्हा ओरडलं.

पाना त्यांच्या हातातून निसटला.

"अज्जा, कामून ओरडायलंय ते?" सुधाने विचारलं.

मोठ्या माणसाने विचारलं असतं तर ते खेकसले असते.

"मला ठाऊक न्हाई. तू सांग. हात मागं घे, पंखा फिरायलाय. नुसतं ऐक."

सुधाने डोळे मिटले. "ओरडायच्या आधी टिक वाजतंय. गप व्हायच्या आधी बी."

"आता बघ. टिक वाजलं की काय हलतंय?"

तिने बोट दाखवलं. डिझेलच्या पंपावरची लहानशी दांडी. पाय काढला की ती मागे येऊन स्क्रूला टेकायला हवी. ती टेकत नव्हती. मध्ये काहीतरी पिवळं होतं. हादऱ्याने ते अडके, निसटे आणि पुन्हा अडके.

सुधाचा चेहरा उतरला. काल खंडेपूजेला अज्जीने हळकुंड ओवलेलं दोऱ्याचं कंकण तिच्याजवळ दिलं होतं. इंजिनाला बांध, म्हणाली होती. बाकी सगळं लोखंड गप्प बसलेलं. हलणारी एवढी दांडीच तिला जिवंत वाटली होती. रस्त्यात दोरा ढिला झाला होता.

रेवणसिद्धप्पांनी इंजिन बंद केलं. "आता घाल हात. तोडू नको. सोड."

गाठ तेलाने चिकटली होती. समोर मोटार करकचून थांबली. दार आपटलं.

"अप्पा, उतरा खाली." अरुणकुमारने खिडकीतून हात आत घातला. "चावी द्या."

"अरे, जरा थांब की..." लक्ष्मम्मा मागून म्हणाल्या.

"अव्वा, तू मधी बोलू नको. माझी लेक हाय गाडीत."

सुधाने नखाने गाठ उकलली. दोरा मुठीत घेतला. रेवणसिद्धप्पांनी चावी काढली नाही, फिरवली.

इंजिन सुरू झालं. शेजारून ट्रक गेला, व्हॅन हलली. भांडी वाजली आणि थांबली. इंजिन एका सुरात चालत राहिलं.

"काय झालतं?" अरुणकुमारने विचारलं. हात अजून खिडकीतच होता, तळवा वर.

"कचरा अडकला होता," रेवणसिद्धप्पा म्हणाले.

"कचरा न्हाई," सुधा म्हणाली. "कंकण हाय. मी चुकीच्या जागी बांधलेलं."

तिने मूठ उघडली. मग तेलाने काळा झालेला तो दोरा बापाच्या पुढे आलेल्या मनगटाभोवती गुंडाळला.

"हलू नका, पप्पा. गाठ नीट बसू द्या."