एल, एस आणि एंटर

“अहो, स्क्रीन काळी झालीय सगळी! नुसती एक पांढरी रेघ लुकलुकतेय,” ताई फोनवर म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

“काय झालंय ते सावकाश सांगा,” पलीकडून एका वयस्कर माणसाचा आवाज आला.

ताई कृत्रिम पाय बनवायची. सकाळी दोनदा वीज गेली आणि कार्यशाळेतला कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरूच होईना. ना चित्रं, ना माऊसचा बाण. भिंतीवर चिकटवलेला दुरुस्तीवाल्याचा नंबर तिने घाईघाईत लावला होता.

बाहेरच्या बाकावर बसचालक बसला होता, शेजारी बायको. त्याचा जुना पाय तडकला होता. उद्या दुपारी कामावर परतण्यासाठी त्याची चाचणी होती; ती हुकली, की पुढची सहा महिन्यांनी. मापं कॉम्प्युटरात होती. ती फाइल साचा कापणाऱ्या यंत्राकडे आत्ता गेली, तरच उद्या सकाळी पाय तयार. पुन्हा मापं घ्यायची, तर दोन दिवस मोडणार.

“पडद्यावर काय लिहिलंय, ते अक्षर न् अक्षर वाचा,” आवाज म्हणाला.

तिने वाचलं. फोनवर नुसती कागदांची सळसळ ऐकू आली.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय. आता टाइप करा, एल, एस. मग एंटर. आत काय काय आहे, त्याची यादी येईल.”

यादी आली. ताई खुर्चीतून उठलीच. “माझा ‘पेशंट’ फोल्डर दिसतोय!”

“बघा! म्हणजे काही गेलेलं नाही. आता त्यात शिरायचं. सी, डी, मग मोकळी जागा, मग त्याचं नाव.”

ताई शिरली. पुन्हा यादी मागवली. बसचालकाची फाइल तिसऱ्या ओळीत होती.

चालकाची बायको दारातून डोकावली. “होईल ना हो, ताई?”

“होणार म्हणजे काय, वहिनी, होणारच!” ताईने ठोकून दिलं.

“आता सी, पी,” आवाज म्हणाला. “म्हणजे नक्कल. मूळ फाइल जागच्या जागी राहते. पुढे फाइलचं नाव, त्यापुढे जिथे न्यायची तिथला पत्ता. आणि आर, एम मात्र चुकूनही टाइप करू नका. त्याने फाइल कायमची पुसली जाते.”

ताईने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. मग यंत्राचा पत्ता वहीतून बघून एकेका बोटाने सगळं टाइप केलं.

“अशी फाइल नाही म्हणतोय! आत्ता तर होती!”

या वेळी कागदांची सळसळ बराच वेळ चालली.

“फाइलच्या नावात मध्ये मोकळी जागा आहे का?”

“आहे. आधी ‘डावा’, मग ‘पाय’.”

“मग त्याला ती दोन नावं वाटतायत. सबंध नाव अवतरणचिन्हांत घाला.”

तिने घातलं. एंटर.

“काहीच झालं नाही हो.”

“तक्रार केली का त्याने?”

“नाही.”

“मग झालं काम. बिघडलं तरच तो बोलतो.”

आणि पलीकडच्या खोलीत यंत्र घरघरलं. पातं फिरू लागलं, पांढरा भुसा उडाला. ताई भिंतीला टेकून हसत सुटली, हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

“ताई, हसताय की रडताय? एक काय ते ठरवा,” बसचालक बाकावरून ओरडला.

“यंत्र साचा कापतंय, दादा! उद्या चालत जायचं!”

त्याची बायको सकाळपासून पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.

ताईने नाक पुसून फोन पुन्हा कानाला लावला. “काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं. उद्या येऊन कॉम्प्युटर नीट करून द्याल ना?”

“बघायला नक्की येईन. दुरुस्ती मात्र नाही जमायची.”

“का हो?”

“तुमचा नंबर चुकला होता, बाई. हे वाचनालय आहे. तुम्ही रडत होतात, म्हणून कपाटातून पुस्तक काढलं आणि त्यात बघून सांगत गेलो. कॉम्प्युटरला मी अजून हातसुद्धा लावलेला नाही.”