तीन कोरे अर्ज

कापडाच्या उलट्या बाजूला धाग्याचं जंजाळ.

नख नसलेला डावा अंगठा.

जुनं पावतीपुस्तक, त्यात वळणदार अक्षर.

तीन कोरे अर्ज.

यांतले अर्ज तेवढे आत्ता त्याच्यासमोर होते. तो शिलाई मशीनचा मेकॅनिक. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एक फोरम सांभाळायचा. घरी शिवणकाम करणाऱ्या बायका तिथे आपापल्या मशीनची दुखणी मांडायच्या, जाणकार इलाज सांगायचे. महिन्यापूर्वी कुणा नव्या सभासदाने 'स्वस्त सुटे भाग' म्हणून एक लिंक टाकली. एका शिवणवाल्या ताईंनी ती दाबली आणि त्यांच्या फोनमधली गिऱ्हाइकांची मापं, नंबर, फोटो, सगळं साफ झालं. त्या फोरम सोडून गेल्या. जाताना लिहून गेल्या, भाऊ, तुमच्या भरवशावर दाबली होती.

ते वाक्य त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. अशा आणखी चार जणी गेल्या की फोरम संपला. म्हणून त्याने नियम केला. नव्या माणसाने आधी पाच साधे निरोप लिहायचे. त्याआधी टाकलेली लिंक अडणार. हट्ट केला तर खातं बंद. तक्रार असेल तर अर्ज करायचा : आपण कोण, लिंक कशासाठी, चार ओळींत.

दहा दिवसांत कचरा आटला. एकच चिवट उरला. नाव 'ममममम७७'. याची पहिली लिंक नियमाच्या आदल्या दिवशी आली होती, ती त्याने स्वतः पुसली. नंतर चौदा प्रश्नांखाली तीच लिंक, चौदाही अडलेल्या. प्रश्नही नेमके फोटोवाले, कापडाची उलटी बाजू दाखवणारे. सोबत शब्द एक नाही. आणि वर हे तीन अर्ज. नाव कोरं, कारण कोरं.

त्याने बायकोला दाखवलं. ती बाहेर काज-बटणं करत होती. दातात धागा धरूनच ती आत आली आणि तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं.

"अहो, माणूस असता तर दोन शब्द लिहिले असते. कोरा कागद कोण पाठवतं?"

त्यालाही पटलं. त्याने बटण दाबलं. खातं कायमचं बंद.

दुपारी एका बाईंचा निरोप आला. शाळेचे चाळीस गणवेश अंगावर होते आणि मशीन खालून गुंता करत होतं, म्हणून त्यांनी पंधरवड्यापूर्वी फोरमवर विचारलं होतं. आता त्या कळवत होत्या की मशीन सुरळीत चालतंय, गणवेश वेळेत गेले. पुढे लिहिलं होतं : माझ्या प्रश्नाखालची 'ममममम७७'ची लिंक तुम्ही पुसलीत, पण मी आधीच उघडली होती, रागावू नका. व्हिडिओ आहे. कोणी बोलत नाही, नुसते दोन हात. हुक काढला, पुसला, बसवला. तीन-तीनदा दाखवलं, लहान मुलाला दाखवावं तसं. डाव्या अंगठ्याला नख नाही बघा.

त्याचा हात थांबला.

ते नख कसं गेलं, हे त्याला माहीत होतं. अंगठा त्याला काम शिकवणाऱ्या मास्तरांचा होता. पेडलवरचा पाय त्याचा. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. मास्तरांनी चिंधी गुंडाळली आणि एवढंच म्हणाले, "पाय दाबण्याआधी समोरचा हात बघत जा."

सात वर्षं तो त्यांच्याकडे होता. पत्र आलं, बिल आलं की मास्तर म्हणायचे, चष्मा विसरलो, तू वाच. आणि म्हणता म्हणता बारीकशा सुईत धागा ओवायचे. तो मनातल्या मनात हसायचा. पुढे एका शब्दाने न विचारता त्याने दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान थाटलं. अकरा वर्षं झाली.

त्याने लिंक उघडली. पडद्यावर मास्तरांचे हात दिसले, आता सुरकुतलेले. त्यांच्या टेबलाच्या कडेला जुनं पावतीपुस्तक उघडं पडलं होतं. वरच्या पावतीवरचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं. त्यानंतरची पावती कोरी.

फोन करायची छाती होईना. लिहिणं सोपं होतं. त्याने खातं पुन्हा चालू केलं आणि माफीचा निरोप लिहिला. बारा ओळी. नख, दुकान, न सांगता निघून जाणं, अडवलेल्या लिंका, काही सोडलं नाही. बायकोने वाचला आणि पदराने डोळे टिपले.

निरोप पोचल्याची खूण आली. तो दिवस गेला, दुसराही गेला. तो हातातलं काम टाकून सारखा पडद्याशी जायचा.

"रागावले असतील," बायको म्हणाली.

"रागावणारच," तो म्हणाला, आणि दुसरा निरोप लिहायला बसला. या वेळी पानभर.

मास्तरांनी त्याला कामावर घेतलं होतं ते त्याचं अक्षर पाहून. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं.