हातावरचं दही

विमानतळावर तपासणीच्या रांगेत कुमुदिनीबाईंनी बाही वर सारली. दंडावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर काजव्यासारखा मंद चमकत होता.

मधुमेहींच्या सेन्सरला आता घरातल्या एका माणसाची जीभ जोडून मिळायची. त्याने जिलबी खाल्ली की चव मधुमेहीच्या तोंडात उतरायची, साखर मात्र त्याच्याच रक्तात राहायची. बाईंचा सेन्सर नवऱ्याला, मोरेश्वररावांना जोडलेला होता.

"मावशी, या कमानीतून गेलात तर जोडणी कायमची तुटेल," तपासणीवाली मुलगी म्हणाली. "हाताने तपासायचं तर अर्धा तास बसावं लागेल."

बाई घुश्शातच होत्या. त्या लेकीकडे सहा महिन्यांसाठी निघाल्या म्हणून मोरेश्वरराव सकाळपासून बोलले नव्हते. निघताना हातावर दही-साखर घालायची, तर हे पेपरात तोंड खुपसून बसले. वाटी ओट्यावरच राहिली. बाईही 'येते' न म्हणताच बाहेर पडल्या होत्या.

"तुटली तर तुटू दे!" म्हणत त्यांनी कमानीकडे पाऊल टाकलं.

तेवढ्यात जिभेवर काहीतरी गार, आंबटगोड विरघळलं. रांगेतला गलबला पाण्याखाली गेल्यासारखा दूर झाला. साखरेचे दाणे दाताखाली करकरले. बाईंनी डोळे मिटले. जन्मात कधी दह्याला न शिवलेला माणूस ओट्याशी उभा राहून वाटी संपवत होता.

त्या मागे फिरल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. "हातानेच तपास गं."

मग त्यांनी रिकामा तळहात ओठांना लावला आणि हळूच म्हणाल्या, "येते हं."